चावी फिरवू नका

पाऊस नव्हता, हे आधीच सांगून टाकते. लोकांच्या प्रेमात पाऊस पडतो. माझ्या वेळी भर दुपारी रस्त्याखालचा पाण्याचा मोठा पाइप फुटला होता. वर लख्ख ऊन, पुलाखालच्या उतारात गुडघाभर पाणी, आणि त्या पाण्याच्या मधोमध दादाच्या गाडीत मी. दोन आचके दिले तिने... आणि बंद.

दादा आठवडाभर कामासाठी बाहेरगावी होता. गाडी माझ्या ताब्यात देताना दहा वेळा बजावून गेला होता, "पाण्यात घालू नकोस. घातलीसच आणि बंद पडली, तर चावीला हात लावू नकोस." पण घाईत असलेल्या माणसाला अशा गोष्टी वेळेवर आठवतात होय? मला दुकानात पोचायला उशीर झाला होता. मी चावी फिरवली. नुसतं खट्. पुन्हा फिरवली. पुन्हा.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली.

"चावी फिरवू नका."

मी काच खाली केली. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, चपला हातात धरून एक जण पाण्यात उभा होता. शर्टाच्या खिशावर पलीकडच्या गॅरेजचं नाव. चेहरा इतका शांत, की रोज दुपारी कुणी ना कुणी त्याच्या दारात बुडतच असावं.

"बंद पडल्यावर परत स्टार्ट करून बघितलीत?"

"छे."

हे 'छे' माझ्या तोंडून कसं निघालं, देव जाणे. घाबरले असेन. किंवा तो असा सरळ डोळ्यांत बघून विचारत होता म्हणून असेल.

"बरं केलंत," तो म्हणाला. "दहातले नऊ जण फिरवतात. शहाण्या आहात."

आता तुम्हीच सांगा, शहाणी म्हटल्यावर कोण कबूल करणार?

चौघांनी ढकलून गाडी गॅरेजात नेली. त्याने बॉनेट उघडलं आणि आतल्या चकचकीत लाल नळीकडे बघत राहिला.

"हे कुणी बसवलं?"

"दादाने. कंपनीचा डबा काढून टाकला. म्हणतो, थंड हवा मिळाली की इंजिन खूश."

"खूश होतं, खरंय. पण कंपनीचा फिल्टर वर असतो. तुमच्या दादांचा पार खाली, बंपरच्या मागे. तिथवर पाणी आलं की इंजिन हवेऐवजी पाणी ओढतं." त्याने फिल्टर ओढून काढला आणि पिळला. पेलाभर पाणी माझ्या बुटांवर सांडलं. "हवा दाबली जाते, पाणी नाही दाबलं जात. त्यात जोर लावला, तर आतला रॉड वाकतो. तुम्ही चावी फिरवली नाहीत म्हणून वाचलो."

वाचलो, म्हणाला. म्हणजे तोसुद्धा आमच्यात आला होता. मी मान खाली घालून बूट पुसत बसले.

गॅरेजमध्ये त्याला सगळे 'सावकाश' म्हणतात, हे मला दहा मिनिटांत कळलं. काहीही विचारा, उत्तर एकच. चहा कधी येणार? सावकाश. गाडी कधी होणार? सावकाश. मी जन्माची उतावळी, मला पाहून मालककाका त्याला म्हणाले, "हिला आणि तुला एका खोलीत कोंडलं, तर घड्याळ बंद पडेल."

त्याने चारही प्लग काढले, इंजिन फिरवलं, आणि पाण्याचे फवारे थेट त्याच्या शर्टावर उडाले. मी हसले. तोही हसला. मग एकेका भोकात प्रेशरचं घड्याळ लावून तो आकडे वाचू लागला... हात लांब करून, मान मागे घेऊन.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. गप्प कशी बसणार?

"हात अजून थोडे लांब असते, तर बरं झालं असतं ना?"

"म्हणजे?"

"तुम्हाला जवळचं दिसत नाही."

"दिसतं की. तुम्ही दिसताय."

"मी चार हात लांब उभी आहे."

"मग जवळ या," तो घड्याळावरची नजर न काढता म्हणाला, "दिसताय का, सांगतो."

मी गेले नाही. पण कान तापले, ते घरी पोचेपर्यंत निवले नाहीत.

त्याच घड्याळाने घोळ केला. दोन नंबरच्या सिलिंडरचं प्रेशर किंचित कमी आलं. मालककाकांचं म्हणणं सरळ होतं, "खोल इंजिन. रॉड वाकला असला तर वेगात तुटेल आणि इंजिन फोडून बाहेर येईल."

"काका, त्यांनी चावीच फिरवली नाही. आत ओल असेल. वाळली की येईल बरोबर."

"आणि नाही आलं तर?"

"माझी जबाबदारी."

पुढच्या महिन्यापासून काका गॅरेज त्याच्या हवाली करणार होते. पंधरा वर्षं त्याने तिथे हात काळे केले होते. आणि ते सगळं त्याने माझ्या एका 'छे'वर लावलं. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा... पण तो माझ्याकडे बघून असा काही हसला, की मी 'चहा कधी येणार' एवढंच विचारलं.

मग मी रोज संध्याकाळी दुकानातून निघून तिथे जायला लागले.

"गाडी बघायला आले."

"बघा की."

"झाली?"

"उद्या."

"कालही उद्याच म्हणाला होतात."

"काल खरंच उद्या होती."

लाकडी बाकावर दोन पेले चहा, शेजारी त्याचं पान्यांचं खोकं, आणि आमच्या मधे एक हात अंतर. गुरुवारी ते अंतर वीतभर झालं. त्याने फडक्याने बोटं पुसली, पुन्हा पुसली, आणि माझ्या केसात अडकलेला कसलासा धागा काढून दिला. एवढंच. पण त्या रात्री मला झोप लागली नाही; निम्मी त्या धाग्यापायी आणि निम्मी त्या खोट्यापायी.

शनिवार उजाडला. रविवारी दादा येणार, त्यामुळे आता 'उद्या' चालणार नव्हतं. मी पोचले तेव्हा तो गाडीत बसला होता.

"प्रेशर आता बरोबर दिसतंय. हमरस्त्यावर जरा पळवून आणतो," तो म्हणाला. "वेगात बरी चालली, की तुमची सुटका."

त्याने पट्टा लावला. हात चावीकडे गेला. मला एकदम काकांचे शब्द आठवले, आणि हमरस्त्यावर एकटा असलेला तो दिसला.

मी काचेवर टकटक केली.

"चावी फिरवू नका."

त्याने काच खाली केली.

"मी फिरवली होती," मी म्हणाले. "त्या दिवशी... बंद पडल्यावर. तीनदा. तुम्ही शहाणी म्हणालात आणि मग मला सांगताच येईना."

त्याने चावी काढली, खाली उतरला, आणि माझ्याकडे न बघता काकांना म्हणाला, "काका, इंजिन खोलतो." मला एवढंच म्हणाला, "तुम्ही घरी जा." आवाज चढवला असता, तर सोपं गेलं असतं मला.

दादाला मी फोनवरच सगळं सांगितलं. तो म्हणाला, "नळी मी लावली, चावी तू फिरवलीस. दोघांनी मिळून वाट लावली म्हणायची. रडतेस कशाला एवढी? गाडीच आहे." गाडीसाठी रडत नव्हते, हे त्याला कसं सांगणार?

रविवार गेला. सोमवार गेला. मंगळवारी एका आजींना मी चुकून उलटी फ्रेम घातली.

बुधवारी दुपारी दुकानाचं दार ढकलून तो आत आला. धुतलेला शर्ट, विंचरलेले केस, हातात फडक्याची पुरचुंडी.

"डोळे तपासायचेत."

मी त्याला खुर्चीवर बसवलं. त्याने फडकं सोडून टेबलावर रॉड ठेवला. वीतभर लोखंड. माझ्या नजरेला त्याला आलेला बाक लगेच दिसला.

"मला सरळच दिसला," तो म्हणाला. "काकांनी पट्टी लावून दाखवला, तेव्हा कळलं. हाच घेऊन मी हमरस्त्यावर निघालो होतो."

"काका काय म्हणाले?"

"म्हणाले, गॅरेज देतो, पण आधी चष्मा कर. आणि यापुढे गिऱ्हाइकाचे डोळे बघून इंजिनाचा निकाल द्यायचा नाही."

मला हसू आलं आणि रडूही. मी तपासणीची जड फ्रेम त्याच्या नाकावर चढवली.

"रागावलात?"

"खूप. दोन दिवस. मग हा हातात आला." त्याने रॉडवर बोट ठेवलं. "तुम्ही गप्प बसला असतात, तर माझ्या मनात तुम्ही कायम शहाण्याच राहिला असतात. ते सोडून मला वाचवलंत."

मी फ्रेमचा स्क्रू उगाचच आवळत राहिले.

"अजून काही खोटं बोलला असाल माझ्याशी, तर आत्ताच सांगून टाका," तो म्हणाला.

"एक आहे."

"सांगा."

"रोज म्हणायचे ना... गाडी बघायला आले. ते."

त्याने रॉड उचलला, फडक्यात गुंडाळला, परत सोडला.

"गाडी गेल्या बुधवारीच वाळली होती," तो हळूच म्हणाला. "मीच उद्या-उद्या करत होतो."

मी फ्रेममध्ये काच सरकवली. "आता... आता कसं दिसतंय?"

तो अक्षरांच्या तक्त्याकडे बघतच नव्हता.

"अजून नीट नाही दिसत," तो म्हणाला. "जरा जवळ या."

या वेळी मी गेले.