पाण्यातला डाग

रोज सकाळी पेशंट यायच्या आधी सीटी मशीनमध्ये पाण्याने भरलेला गोल डबा ठेवायचा आणि त्याचा स्कॅन काढायचा, ही तिथली रीत. पाणी पाण्यासारखं दिसलं की समजायचं, मशीन ठणठणीत आहे. स्कॅन काढणारी ताई हे काम झोपेतही करू शकली असती.

त्या सकाळी मात्र पाण्यात डाग दिसला.

डागाभोवती कॉम्प्युटरने लाल गोल काढला होता. हजारो छात्यांचे स्कॅन दाखवून त्याला कॅन्सर ओळखायला शिकवलेलं. संशय आला की तो गोल काढायचा. डॉक्टरने तो मान्य करायचा, नाहीतर पुसून टाकायचा. पण पाण्याला कुठली आलीय छाती? खोलीत एसीची घरघर तेवढी चालू होती. तिने डॉक्टरला बोलावलं. डॉक्टर म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ.

दादा आला, स्क्रीनवर वाकला आणि पांढराफटक पडला.

“पुन्हा तिथंच...”

“पुन्हा म्हणजे?”



ताईचा नवरा गेल्या उन्हाळ्यात फुप्फुसाच्या कॅन्सरने गेला होता. त्याचा पहिला स्कॅन दादानेच बघितला होता आणि ‘स्वच्छ आहे, जा घरी’ म्हणून पाठही थोपटली होती.

“दादा, ह्यांच्या स्कॅनमध्येही गोल आला होता?”

“आला होता,” तो पुटपुटला. “मशीन नवं होतं गं, चिमे. म्हटलं, काल आलेलं यंत्र मला शिकवणार? पुसला मी. नंतर कळलं तेव्हा... कुठल्या तोंडाने सांगणार होतो तुला?”

आणि ह्याच माणसाने तिला जवळ घेऊन सांगितलं होतं, अगं, प्रत्यक्ष देवालाही दिसलं नसतं. परक्याने फसवलं असतं तर चार शिव्या घालून ती मोकळी झाली असती. इथे घरच्यानेच केसाने गळा कापला होता.

“मशीन बिघडलंय, दुसरं काही नाही,” दादा म्हणाला. “काढ माझा स्कॅन, माझ्या धडधाकट छातीवरही गोल काढेल बघ.”

डबा बाजूला ठेवून तो टेबलावर आडवा झाला. ताई मशीनच्या खोलीबाहेर, काचेच्या अलीकडे येऊन बसली.

पूर्वी इथे पेशंटला सूचना द्यायला तिच्या नवऱ्याचा आवाज होता. भारदस्त आवाज म्हणून तिनेच हौसेने रेकॉर्ड करून घेतला होता. श्वास घ्या, रोखून धरा, सोडा, बस, एवढंच. तो गेल्यावर तिला ते ऐकवेना, तेव्हा तिने सगळं पुसलं आणि स्वतःच माइकवर बोलायला लागली.

“श्वास घे... रोखून धर...”

दादाची छाती फुगली. टेबल आत गेलं, बाहेर आलं. ताई आता ‘सोड’ म्हणणार, तेवढ्यात स्पीकर खरखरला. आवाज ओळखीचा होता. शब्द मात्र तिने कधीच रेकॉर्ड केले नव्हते.

“अजून थोडं थांबा, दादा... मीही थांबलो होतो.”

काचेपलीकडे दादाची छाती फुगलेली ती फुगलेलीच. ताईचं बोट माइकच्या बटणावर होतं, आणि ते दाबून ‘सोड’ म्हणावंसं तिला वाटेना.