छतावरची गोल सावली

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पण हे खरं घडलंय, आणि रात्री नाही... भर दुपारी.

माझा मावसभाऊ, आमचा दादा, सोलरचंच काम करतो. त्याने जुनी व्हॅन घेऊन तिचं फिरतं घर केलं. छतावर पॅनेल, पलंगाखाली बॅटऱ्या. मावशी गेल्यावर काका, म्हणजे त्याचे वडील, नुसते भिंतीकडे बघत बसायचे, म्हणून तो त्यांना घेऊन फिरायला निघाला. काकांची छाती अधू. ऑक्सिजनचं मशीन सतत लागायचं, आणि व्हॅनमध्ये ते बॅटरीवरच चालायचं.

पूर्वी काका घराच्या गच्चीवरचं पॅनेल पुसायचे, तेव्हा मावशी त्यांच्या डोक्यावर छत्री धरून उभी असायची.

"अगं, पॅनेलवर सावली पडतेय! चार्जिंग बंद होतं!"

"होऊ दे बंद. तुम्हाला ऊन लागलं तर?"

असं त्यांचं रोजचं भांडण.

त्या दिवशी एका ओसाड माळावर व्हॅन बंद पडली. गॅरेजवाला संध्याकाळी येणार होता. दादा निवांत होता. ऊन रग्गड होतं.

मग मशीन टूं टूं करायला लागलं...

बॅटरी उतरलेली. चार्जिंगचा आकडा शून्य!

दादाने फ्रिज, पंखा, दिवे, सगळं बंद केलं. फ्यूज पाहिला, वायरी ओढून पाहिल्या. सगळं धड होतं.

तो छतावर चढला.

पॅनेलवर सावली होती...

गोल. कडेला काड्यांची टोकं.

त्याने वर पाहिलं. ना झाड, ना ढग, ना पाखरू.

एका कोपऱ्यावर सावली पडली तरी अख्खं पॅनेल झोपतं, हे दादाला सांगायला नको. त्याने काचेवर हात ठेवला. गार! भर उन्हात गार.

आणि सावली होती बरोबर काकांच्या उशीच्या वर.

पॅनेल उचलावं, तर वादळात उडू नये म्हणून त्यानेच ते छताला पक्कं चिकटवलेलं. रुग्णवाहिकेला फोन केला. "निघालोय, वेळ लागेल."

खालून काकांचा क्षीण आवाज आला. "छान सावली आहे रे..."

दादा गुडघ्यावर बसला. अहो, एवढा धिप्पाड गडी, लहान पोरासारखा रडायला लागला.

"आई, छत्री मिट ना! बाबांचा श्वास अडकलाय गं त्यात. पाया पडतो तुझ्या..."

सावली हलली...

आणि उशीवर आणखी नीट सरकली.

खालचं टूं टूं थांबलं.

दादा शिडीकडे धावला. तेवढ्यात सावली गेली. पॅनेल लख्ख! त्याला वाटलं, ऐकलं आईने. तो धडपडत आत शिरला. मीटरचा आकडा भराभर चढत होता. मशीन पुन्हा झोकात सुरू झालं होतं.

काका मात्र गेले होते.

"सावली धरायला खाली कोणी उरलंच नव्हतं रे," दादा मला म्हणाला.

परवा तो माझ्या गच्चीवर पॅनेल बसवत होता. डोक्यावर रणरणतं ऊन. मी घामाने निथळत होतो. त्याच्या कपाळावर थेंब नाही.

"दादा, तुला ऊन लागत नाही का रे?"

त्याने वर पाहिलं नाही.

"हल्ली... नाही लागत."