अप्पांच्या चुलीवर ऑक्टोपस

तर झालं असं, की गणपतीच्या आदल्या शनिवारी दुपारी दीपश्री दुकानात एकटीच होती. दुकान म्हणजे त्यांचं हुबळीच्या बाजारातलं, स्टीलच्या भांड्यांचं. बाहेर बारीक पाऊस. आणि एक भिजलेला मुलगा आत आला, शर्टाच्या टोकाने चष्मा पुसला – शर्टही ओलाच, म्हणजे चष्मा आणखी धुरकट – आणि म्हणाला, "एक पातेलं हवंय. आठ पाय बुडतील एवढं."

"कुणाचे पाय?"

"ऑक्टोपसचे."

दीपश्रीने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "त्यालाच घेऊन या. माप घेऊन देते."

तो हसला आणि गालाला अशी खळी पडली, की दीपश्रीने उगाचच तीन पातेली जास्त काढून दाखवली.

साकेत नाव त्याचं. मूळचा कारवारचा, धारवाडला कॉलेजात शिकवायचा, सप्तापुरात भाड्याची खोली. पुढच्या शनिवारी पातेल्याला झाकण हवं म्हणून आला. मग चिमट्यासाठी. मग झाऱ्यासाठी. बरं, घरमालकीण इतकी कडक, की खोलीत अंडंसुद्धा येऊ देत नाही!

"मग एवढी भांडी कशाला हो जमवताय?" दीपश्रीने एकदा विचारलंच.

"संसाराला... लागतात की."

"कुणाच्या?"

कानाच्या पाळ्या लाल झाल्या त्याच्या. "चाळणी आहे का?" म्हणाला. बोलायचं तेवढं सोडून सगळं बोलायचा!

दसरा झाला आणि कोल्हापूरचं स्थळ आलं. मुलगा इंजिनियर, माणसं चांगली, त्यांच्याकडून होकारही आला. रविवारी संध्याकाळी फोन करून कळवतो, असं अप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, सांगून टाकलं. दीपश्री काही उशीत तोंड खुपसून रडणाऱ्यातली नव्हे. शनिवारी साकेत किसणी बघत होता, तेव्हा तिने ती हातातून काढूनच घेतली.

"पुरे झाली भांडी. उद्या ऑक्टोपस घेऊन या. उणकलला, आमच्या गच्चीवर."

आता ही गच्ची म्हणजे साधी गोष्ट नव्हे हं. आईच्या स्वयंपाकघरात मटण चालत नाही, म्हणून गच्चीवर चूल. आणि त्या चुलीवर फक्त अप्पा शिजवणार. काकांनी एकदा नुसतं मीठ टाकलं, तर दोन महिने बोलणं बंद होतं! पण त्या रविवारी अप्पा नवनगरला एका बारशाला गेले होते. आई जिन्यात उभी राहून एवढंच म्हणाली, "मी काही बघितलं नाही."

साकेत आला, कारवारच्या बसने पहाटे आलेला बर्फाचा डबा घेऊन. आणि काय सांगू, दुकानात अडखळणारा हा मुलगा चुलीपाशी एकदम वेगळाच! बाह्या सरसावल्या. ऑक्टोपसचं डोकं टोपीसारखं उलटं केलं, आतली शाईची पिशवी न फोडता अलगद काढली. डोळे कापले. पायांच्या मधोमध अंगठा दाबला, तशी पोपटासारखी काळी चोच टुपकन बाहेर आली.

"आता खडेमीठ. चोळा, बुळबुळ जाईपर्यंत."

दीपश्रीने चोळलं. तिच्या बोटाला तो चिकटला. "अय्या, सोडत नाही हो हा!"

"माणसं कळतात त्याला."

"त्याला कळतात. काहींना इतक्या शनिवारांत कळत नाहीत."

पाण्याला उकळी आली. साकेतने चिमट्याने डोकं धरलं, पाय पाण्यात बुडवून वर काढले. एकदा... दोनदा... तिसऱ्यांदा पाय फुलासारखे वळले, तसा अख्खा ऑक्टोपस पाण्यात सोडला.

"लहान आहे. आता दोन मिनिटं, मग थंड पाण्यात. एक सेकंद जास्त नाही," घड्याळाकडे बघत तो मास्तरासारखा म्हणाला. "जास्त झालं की रबर."

दीपश्री चुलीपलीकडे बसली. वाफेतून त्याच्याकडे बघत शांतपणे म्हणाली, "आज संध्याकाळी अप्पा कोल्हापूरच्या स्थळाला होकार कळवणार आहेत."

साकेतने मान वर केली.

एक मिनिट गेलं. दोन. तीन. त्याच्याच मनगटावरचा काटा दीपश्रीला दिसत होता. पाणी खदखदत होतं, चिमटा हवेत तसाच... आणि तो तिच्याकडे बघत होता. पाच मिनिटं! दीपश्रीने आठवण करून दिली नाही. कशाला देईल? तिला हवं ते कळलं होतं.

"दीपश्री," तो म्हणाला, "मी—"

"यारप्पा नी? कोण रे तू? माझ्या चुलीवर?"

अप्पा! बारसं लवकर आटपलं होतं.

साकेतने चिमट्यासकट हात जोडले. अप्पांनी त्याच्याकडे बघितलं, पातेल्यात बघितलं. झाऱ्याने एक पाय काढला, फुंकून तोंडात टाकला आणि चावत राहिले. चावतच राहिले.

"हे रबर कुणी केलं?"

"मी. दोन मिनिटांत काढायचं होतं. विसरलो."

"कसं काय विसरलास?"

साकेतने दीपश्रीकडे बघितलं. मग सरळ अप्पांच्या डोळ्यांत. "तुम्ही आज कोल्हापूरला होकार देणार, हे ऐकून. मला दीपश्रीशी लग्न करायचंय, काका. तिला विचारायला उशीर केला... म्हणून आता दोघांना एकदमच विचारतोय."

"माझं हो आहे," दीपश्री म्हणाली. "अप्पा, कोल्हापूरला नाही म्हणून कळवा. मला हा पाहिजे."

अप्पा अजून चावतच होते. शेवटी गिळलं एकदाचं.

"आणि हे काय आता फेकून द्यायचं?"

"नाही नाही," साकेत घाईने म्हणाला. "मंद आचेवर पाऊण तास ठेवलं की परत मऊ होतं."

अप्पांनी चुलीतलं मोठं लाकूड मागे ओढलं, पातेल्यावर झाकण ठेवलं, आणि पायाने एक पाट साकेतकडे सरकवला.

"बस मग. पाऊण तास आहे. घरी कोण कोण असतं तुझ्या?"