दोघांचं एकमत

हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद होता होता तिने मध्ये हात घातला. मागे चाकांच्या खुर्चीत तिचे बाबा, त्यांच्या मांडीवर गोळ्यांची पिशवी. आणि आत, फायलींचा गठ्ठा छातीशी धरून उभा असलेला तो.

"औषधं विकायला आला असाल तर आमच्यानंतर हं," ती म्हणाली. "आमचा नंबर आधी आहे."

तो औषधं विकणारा नव्हता. तिच्या बाबांना वर्षानुवर्षं तपासणाऱ्या डॉक्टरबाईंकडे तो नुकताच कामाला लागला होता. त्यांचे पेशंट मोठ्या डॉक्टरांकडे गेले की कोणी काय सांगितलं, कोणती गोळी वाढवली, कोणती बंद केली, ते गोळा करून बाईंपर्यंत आणायचं, हे त्याचं काम. बाई त्याला पोस्टमन म्हणत. त्या दिवशी तो निघाला होता तो नेमका तिच्या बाबांच्याच फायलीसाठी. हे कळल्यावर ती अशी काही लाजली, की पोस्टमन आपला मजला विसरला.

बाबांचं दुखणं म्हणजे इकडे आड, तिकडे विहीर. हृदयाचे डॉक्टर म्हणत, अंगात पाणी साचतंय, पाणी काढायची गोळी वाढवा. किडनीचे डॉक्टर म्हणत, वाढवली तर किडनी जाईल, अर्धी करा. मग बाई मधला मार्ग काढत आणि तो संध्याकाळी तिला फोन करून सांगे. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ!

"आज कोण जिंकलं?" फोन उचलताच ती विचारायची.

"किडनी. अर्धीच गोळी."

"अरेरे... म्हणजे हृदय हरलं?"

"ते केव्हाच हरलंय," तो म्हणून गेला.

तेवढ्यात पलीकडून बाबांचा खोकत खोकत आवाज आला, "अगं, अर्ध्या गोळीला अर्धा तास?"

ती खळखळून हसली, आणि त्या हसण्यावर त्याचे कितीतरी दिवस गेले. बाबा जरा सावरले की तिला विचारायचं, असं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

बाबा सावरले नाहीत. एका दुपारी दोन्ही डॉक्टरांनी त्याला वेगवेगळ्या खोल्यांत एकच गोष्ट सांगितली. आता औषधांनी काही होणार नाही. घरीच राहू द्या, त्रास होणार नाही एवढं बघा.

बाईंनी ऐकून चष्मा काढला. म्हणाल्या, "मी जाते तिच्याकडे. हे तिला माझ्या तोंडून कळू दे."

पण तो हट्टाला पेटला. रोज आपण सांगतो, मग एवढंच तिला दुसऱ्या कोणाकडून का कळावं? आपल्या माणसाने सांगितलं की दुःख थोडं हलकं होतं, असं त्याला वाटलं. प्रेमात पडलेल्याला असलं काहीही वाटतं.

तो घरीच गेला. तिने दार उघडलं आणि त्याला बघून तिचा चेहरा खुलला. "आज फोन नाही? कोण जिंकलं?"

"दोघांचं एकमत झालंय," तो म्हणाला.

ती हसली. मनापासून, अगदी मोठ्याने हसली. इतके महिने ती याच दिवसाची वाट बघत होती. "खरंच? मग आता बाबा..." आणि तिने त्याच्याकडे नीट पाहिलं.

बाबा त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. तो रोज जायचा, त्यांना कुशीवर वळवायचा, पाठीला उशी लावायचा. ती त्याच्याशी कामापुरतं बोलायची.

सगळं संपल्यावर काही आठवड्यांनी ती उरलेल्या गोळ्या परत द्यायला दवाखान्यात आली. तो दारापर्यंत तिच्याबरोबर गेला आणि इतके दिवस मनात ठेवलेलं अखेर बोलला. तिने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं.

"मलाही तुम्ही आवडता," ती म्हणाली. "तेच तर अवघड आहे... त्या दिवशी आत बाबा झोपले होते, आणि मी हसले. तुमचा आवाज ऐकला की मला माझं ते हसणं ऐकू येतं."

"मी बाईंना येऊ द्यायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच त्याला धरायला काही उरलं नाही.

ती पायऱ्या उतरू लागली. आदल्या रात्रीच्या पावसाने त्या निसरड्या झाल्या होत्या. जपून जा, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. पण तो काही बोलला नाही. ती खाली रस्त्यावर पोचेपर्यंत तसाच, श्वास रोखून उभा राहिला.