उरलेली सात मिनिटं

अजून चालणारा व्हीसीआर माझ्याकडे आहे म्हटल्यावर लोक दोन प्रश्न जास्त विचारतात, आणि मला ते आवडतं. एरवी माझ्यात विचारण्यासारखं फारसं काही नाही. मूळ मिरजेचा, मोहालीतल्या कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर, शेजारच्या खरड गावात सातव्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट. बायको ओजस्विनी नॉलेज सिटीतल्या संशोधन संस्थेत काम करते. दिवसभर फळमाश्यांच्या मेंदूत डोकं घालून बसायचं आणि घरी येऊन मला म्हणायचं, निमिष, तुझा छंद विचित्र आहे.

छंद एका जुन्या हिंदी मालिकेचा आहे. 'चौकी नंबर नौ'. एकोणनव्वद साली टीव्हीवर तिचे तेरा भाग झाले. चंद्रावरच्या एका ठाण्यात पाच माणसं अडकलेली असतात आणि त्यांना न्यायला येणारं यान येत नाही, एवढीच गोष्ट. थर्माकोलच्या भिंती, करडे गणवेश, मधोमध पत्र्याचं एक गोल दार. पुढे कुणीतरी प्रत्येक भागाची एकेक व्हिडिओ कॅसेट काढली आणि ती कंपनीही बुडाली. मूळ टेपा कुठेच उरल्या नाहीत. या कॅसेटी जमवणारे देशभरात आम्ही बारा जण असू. आमचा ग्रुप आहे आणि ग्रुपचा एक नियम आहे: कॅसेट हातात आली की आधी तिची कॉपी करायची, मग बाकी काय ते. जुनी टेप कधी तुटेल याचा भरवसा नसतो. माझ्याकडे बारा होत्या. तेरावी कुणाकडेच नव्हती.

ती सापडली इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत. महाप्रसादाच्या रांगेत मी नेहमीप्रमाणे व्हीसीआरची बढाई मारत होतो, तेव्हा पुढचे गृहस्थ वळले. विंग कमांडर रामचंद्र थत्ते, निवृत्त, वय ऐंशीच्या पुढे, पण पाठ अजून ताठ.

"तुमचा व्हीसीआर रेकॉर्ड करतो का?" त्यांनी विचारलं.

लोक विचारतात की लागतो का. रेकॉर्ड करतो का, हे मला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं. करतो म्हणालो.

"पक्का?"

"पक्का, काका."

शनिवारी सेक्टर छत्तीसमधल्या त्यांच्या घरी गेलो. त्या गल्लीत प्रत्येक फाटकाला कुलूप आणि वर कॅमेरा, पण थत्त्यांचं पुढचं दार सताड उघडं होतं. बंद होऊ नये म्हणून खाली वीट लावलेली. जाळीचं दारसुद्धा उघडंच, आत डास घोंघावत होते. हॉलमध्ये एका बाईंचा फोटो होता, सुती साडी, वर हाताने विणलेला स्वेटर. फोटोला हार नव्हता.

"ही सुलोचना, माझी बायको," काका म्हणाले. "ब्याण्णवपासून घरात नाही. लोकांना वाटतं सोडून गेली."

त्यांनी कपाटातून कॅसेट आणून माझ्या हातात दिली. तेरावी. मी ती उलटसुलट करून पाहिली. मग माझं लक्ष तिच्या कडेला गेलं. विकतच्या कॅसेटच्या कडेला एक खाच असते, त्यामुळे तिच्यावर चुकूनही रेकॉर्डिंग होत नाही. ती खाच चिकटपट्टीने बुजवलेली होती. म्हणजे या माणसाने तिच्यावर काहीतरी रेकॉर्ड केलं होतं.

"दर वर्षी एक मिनिट," ते शांतपणे म्हणाले. "शेवटाकडून सुरुवातीकडे. कॅमेरा लावायचा, घराचं दार उघडं ठेवायचं, तेवढं दार टेपवर घ्यायचं. घाई केली की सुलोचना मागे सरकते. तेहतीस मिनिटं झाली, सात राहिलीत. माझा व्हीसीआर गेला आणि माझ्याकडे आता सात वर्षं नाहीत. आता तिला मागे सरकायला जागाही फार नाही, तुम्ही एकदम करून टाका. दार कुणाचंही चालेल, उघडं असलं की झालं."

"काका, अशाने एपिसोड कायमचा पुसला जाईल."

"त्यासाठीच तर. आणि निमिष, बाकी काही करू नका. थेट रेकॉर्ड करा."

हो म्हणालो. म्हाताऱ्याची मला कीव आली आणि रागही आला. जगात उरलेल्या एकुलत्या एका कॅसेटचा त्यांनी सत्यानाश केला होता.

घरी येऊन टेप लावली. सात मिनिटं बारा सेकंद. ठाणं, करड्या गणवेशातली पाच माणसं, कुणी नकाशा बघतंय, कुणी डबा उघडतंय. आणि गोल दाराशी, आपल्याकडे पाठ करून, साडी नेसलेली एक बाई. तिने चपला काढून दाराशेजारी ठेवल्या होत्या. ती दार वाजवत होती. जोरात नाही, शेजारणीचं दार वाजवावं तसं. पाचांपैकी एकही तिच्याकडे बघत नव्हता. सहाव्या मिनिटाला तिने मान वळवली. थत्त्यांच्या भिंतीवरचा चेहरा होता तो, स्वेटरही तोच.

मी टेस्टर आहे. न पटणारी गोष्ट दिसली की आधी उपकरणावर संशय घ्यायचा. व्हीसीआरचं हेड पुसलं, वायर बदलली, दुसऱ्या टीव्हीवर लावलं. बाई तिथेच होती.

ओजस्विनी माझ्यामागे उभी राहून बघत होती. ती कधी घाबरत नाही, पण तिचा आवाज उतरला होता.

"अरे, तिला बाहेर यायचंय. काका म्हणाले तसं कर आणि मोकळा हो."

"करतो. आधी कॉपी करून घेतो."

"बाकी काही करू नको म्हणाले ना ते?"

"सात मिनिटांचं तर काम आहे, ओजू."

कॉपी करून ग्रुपवर टाकली. अर्ध्या तासात अकराही जणांनी ती उतरवून घेतली. नागपूरच्या देवेंद्रने हात जोडल्याच्या दहा खुणा पाठवल्या. लपवत नाही, त्या संध्याकाळी मी फार खूश होतो.

रविवारी ओजस्विनी माश्यांना खाणं घालायला संस्थेत गेली, सहाला येते म्हणाली. साडेपाचला मी कॅमेरा तिवईवर लावून व्हीसीआरला जोडला, आमचं दार पूर्ण उघडून त्याला डंबेल टेकवलं आणि रेकॉर्डचं बटण दाबलं. टीव्हीवर आमचं दार दिसायला लागलं. चौकट, बाहेरचा पॅसेज, समोरच्यांचं चपलांचं कपाट. मी आकड्यांवर नजर ठेवून बसलो.

सहाव्या मिनिटाला लिफ्ट वाजली. ओजस्विनीची पावलं मला ओळखू येतात. ती लवकर आली होती.

"दार का उघडं टाकलंयस?" उंबऱ्यातून तिचा आवाज आला.

मी मान वर केली. दारात कुणी नव्हतं.

सात मिनिटं बारा सेकंद झाले आणि व्हीसीआर आपोआप थांबला.

पॅसेज पाहिला, जिना पाहिला, गच्ची पाहिली. खाली तिची स्कूटर उभी होती, हात लावला तर इंजिन गरम. तिचा फोन बंद. समोरच्या आंटी चपला घालून कुठेतरी निघाल्या होत्या. म्हणाल्या, "हां जी, अभी तो आई आपकी मॅडम. मेरे सामने अंदर गई."

मी आत आलो. तसाच जमिनीवर बसून थत्त्यांना फोन लावला.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"इथे कुणी आलं नाही."

त्यांची पावलं दारापर्यंत गेली आणि परत आली.

"निमिष, कॉपी केलीत का?"

केली, म्हणालो. ते रागावले असते तर बरं झालं असतं. पलीकडून फरशीवर वीट सरकवल्याचा आवाज आला, मग दार लागल्याचा, मग कडी. फोन चालूच राहिला होता.

आठ वाजता देवेंद्रचा मेसेज आला. 'भाऊ, काल यात सहा जण होते ना? आता सात दिसून राहिले. निळ्या कुर्त्यातली कोण आहे बाप्पा?'

मी माझी फाईल उघडली. ओजस्विनी सुलोचनाबाईंच्या शेजारी उभी होती. खांद्याला पर्स होती आणि ती पत्र्याच्या दारावर तळहात आपटत होती. आवाज येत नव्हता.

मी अकराही जणांच्या पाया पडलो. डिलीट करा, आत्ता, काही विचारू नका. एकेकाचा निरोप येत गेला. केली. केली रे बाबा. प्रत्येक निरोपानंतर मी उठून दारात जाऊन बघत होतो. पॅसेजमधला दिवा माणूस आला की लागतो. तो लागला नाही.

अकरावा निरोप आल्यावर मला ते कळलं. थत्ते नुसतं पुसत नव्हते. पुसलेल्या जागी ते दर वेळी एक उघडं दार ठेवत होते. मी अकरा ठिकाणी काहीच ठेवलं नव्हतं.

आता एकच कॉपी आहे, माझ्याकडची.

पोलिसांत तक्रार दिली आहे. सासूबाई नाशिकहून रोज फोन करतात आणि मी रोज खोटं बोलतो. ऑफिसला जात नाही. दार उघडंच आहे, त्यामुळे घर सोडता येत नाही, आणि ते लावायची हिंमत होत नाही. फाईलवर पुन्हा दार चिकटवून पाहावं असं दहादा मनात आलं. हात पुढे जात नाही. गेल्या वेळी दार उघडं ठेवलं आणि बाहेर आलं कुणीच नाही, उलट माझं माणूस आत गेलं. ती फाईल पुसवत नाही आणि बघवतही नाही. मला ओजस्विनी हवी आहे, बाकी काही नको.

काल दुपारी डोळे दुखायला लागले म्हणून मी फाईल पॉजवर टाकली.

पाचही माणसं जागच्या जागी थांबली.

त्या दोघी थांबल्या नाहीत.

ओजस्विनीने आणखी दोन-तीनदा दार वाजवलं. मग हात खाली घेतला. सुलोचनाबाई तिला काहीतरी म्हणाल्या आणि तिने मान हलवली. पर्स खांद्यावरून उतरवली. मग वाकून पायातल्या चपला काढल्या आणि सुलोचनाबाईंच्या चपलांशेजारी नीट जोडून ठेवल्या.