पलीकडची रिकीब

खरं तर ती त्या चामड्याच्या दुकानात फक्त तेल घ्यायला शिरली होती.

“दोन मोठ्या बाटल्या?” कारागिराने मान वर केली. “एवढं तेल पाजताय तरी कुणाला?”

“बाबांच्या खोगिराला. दर रविवारी. ते गेले तेव्हापासून... सहा वर्षं.”

“दर रविवारी? अहो, मायेने मारताय की त्याला!”

असा राग आला म्हणता तिला! दुसऱ्या दिवशी तणतणत खोगीर घेऊन आली, पण ठेवलं मात्र अलगद.

त्याने ते मांडीवर घेतलं, पुढून-मागून धरून दाबलं. तिने श्वास रोखला. आतला लाकडी सांगाडा मोडलेला असला तर संपलंच, खोगीर भिंतीवर टांगायचं. आणि तिला तर पुन्हा एकदा त्यावर बसायचं होतं.

“कुरकुरत नाही. सांगाडा ठणठणीत आहे,” तो म्हणाला. “तेलाने शिवण तेवढी कुजलीय. पण चामडं जगलं ते तुमच्यामुळेच. दोरा काय, नवा मिळतो.”

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

“डाव्या रिकिबीचा पट्टा चढून चढून ताणलाय,” तो घाईने म्हणाला. “पण उजव्यावर हा काळा डाग कसला?”

“बाबांच्या हाताचा. मी चढताना खोगीर घसरू नये म्हणून ते पलीकडची रिकीब धरायचे. ‘चढ बिनधास्त,’ म्हणायचे.”

डाग पुसायला उचललेला फडका त्याने हळूच खाली ठेवला.

नवी भोकं पाडली तर चामडं फाटतं, म्हणून जुन्याच भोकांतून एकेक टाका घालायचा. वेळखाऊ काम! ती रोज संध्याकाळी बघायला यायची... शिवण बघायला हं!

शेवटची चार बोटं शिवण उरली, आणि घोडं तिथेच अडलं.

“चार बोटांना चार दिवस?” तिने विचारलं.

“काल पुरी झाली होती,” तो खाली बघत म्हणाला. “मग... उसवली.”

“का?”

“खोगीर गेलं की तुम्हीही जाल.”

रागवावं की हसावं? पण सहा वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी बाबांच्या हाताचा डाग जपला होता. तिचा ऊर भरून आला.

“फार केलंत हो माझ्यासाठी,” ती म्हणाली. “आज शिवून द्या. आणि रविवारी तबेल्यात या. पलीकडची रिकीब धरायला... मला कुणी नाही.”

“या रविवारी?”

“तेल पाजायचं बंद झालं ना? आता सगळेच रविवार मोकळे आहेत.”

त्याने लगबगीने सुईत दोरा ओवायला घेतला. मेला ओवला जाईल तर शपथ!