खुंटीवरची किल्ली

"बॅटरी ठणठणीत, दोन्ही मोटारी ठणठणीत, टायर तर नवेच आहेत. डॉक्टर, तुमच्या गाडीला काहीही झालेलं नाही," हेमांगी कुलथे म्हणाली.

गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या तळेगावातल्या चालन-प्रयोगशाळेत 'शीघ्रा' उभी होती. आता शीघ्रा म्हणजे काही साधी गाडी नव्हे. पाय दाबला की मानेला हिसका बसणार, आणि पाय उचलला की ब्रेकला पायही न लावता आपोआप थांबून वर थोडी वीज परत बॅटरीत भरणार. लाडावलेलीही तेवढीच. दारांच्या मुठी आत दडवून बसायची, त्यामुळे पहिल्यांदा आलेला पाहुणा दार चाचपत उभा. थंडीत लांब जायचं तर आधी बॅटरी कोमट करून द्यायची. डॉक्टर शर्मिष्ठा रणदिवेनं हे सगळे नखरे हौसेनं सोसले होते. पण एवढे नखरे करून गाडी वर हळूही चालायला लागली, तर कुणाचंही डोकं फिरेल.

"काही झालं नाही कसं? काल सिग्नल सुटला आणि रिक्षावाला माझ्या पुढे गेला. वर मागे वळून हसला मेला!"

हेमांगी हसली नाही. गाडीतली 'पायओळख' यंत्रणा तिनंच घडवली होती. तिनं उठून खोलीचं दार लावून घेतलं.

"गाडी मुद्दाम हळू झालीय, डॉक्टर. पेट्रोलच्या गाडीला जोर धरायला थोडा वेळ लागतो, तेवढ्यात माणूस सावरतो. विजेच्या मोटारीत जोर तत्काळ येतो, चुकायला सवडच नाही. म्हणून पेडलखाली आम्ही संवेदक बसवले. पाय किती स्थिर आहे, चूक सावरायला किती वेळ घेतो, हे गाडी रोज शिकते आणि त्या पायाला झेपेल तेवढाच जोर देते. पाय थरथरला तर ती थरथर गाळून टाकते, चाकापर्यंत पोचूच देत नाही."

"म्हणजे चालवणाऱ्याला कळतही नाही?"

"कळू नये अशीच रचना आहे. लोकांना अपमान वाटतो हो." हेमांगीनं पडद्यावर आलेख काढला. "तुमच्या पायात थरथर आहे. काही महिन्यांपासून वाढत चाललीय."

त्या रेघेची एकसारखी लय शर्मिष्ठेनं बघितली. ती स्वतः डॉक्टर, तिला समजावून सांगायची गरजच नव्हती. हा कंपवात होता. आणि ती डोळ्यांची शल्यविशारद होती. उद्या सकाळी एका शाळकरी मुलीचा डोळा तिच्या हाताखाली असणार होता.

तिनं दोन्ही हात समोर धरले. स्थिर होते. पण हा आजार आधी एखाद्याच अवयवात शिरतो, हेही तिला ठाऊक होतं. तिनं तिथूनच रुग्णालयात फोन लावला. "उद्यापासूनच्या माझ्या सगळ्या शस्त्रक्रिया दुसऱ्यांकडे द्या. नाही, मला पुढची तारीख नको." फोन ठेवला आणि परक्या माणसासमोर ती ढसाढसा रडली.

हेमांगीनं पाणी दिलं. मग तिनं आपल्या धंद्यातलं बोलणं काढलं. "पायओळख बंद करून एक फेरी मारू या का? काही न गाळलेला, कच्चा आलेख मिळेल."

चाचणीपथावर शर्मिष्ठेनं गाडी हाणली. रडून झाल्यावर माणूस जशी हाणेल तशीच. खाली उतरली तर हेमांगी पडद्याकडे टक लावून बसलेली.

"रेघ सरळ आहे, डॉक्टर. हा तो पाय नाहीच! गाडी आणखी कोण चालवतं?"

"कुणी नाही. मीच."

"किल्ली कुठे असते?"

"घरी. दाराजवळच्या खुंटीवर, सगळ्या किल्ल्या..." शर्मिष्ठा बोलता बोलता थांबली.

हेमांगीनं कपाळावर हात मारला. "अगं बाई! एक किल्ली म्हणजे एक चालक, असं धरून आम्ही अख्खं गणित मांडलं. आणि माझ्यासुद्धा घरी किल्ली खुंटीवरच असते! एका किल्लीवर दोन पाय आले, तर गाडी कमजोर पायाच्या बेतानं चालते."

शर्मिष्ठेला आनंद झाला, खोटं कशाला सांगा. हात वाचले होते. पण सुटकेचा श्वास पुरता सुटायच्या आत दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली.

"अप्पा," ती म्हणाली. "सकाळी दूध आणायला नेतात. वडिलांनी नेली तर ती काय दुसऱ्यानं चालवली म्हणायची?"

सगळ्या शस्त्रक्रिया परत आपल्याकडे मागून घेऊन ती चिंचवडला घरी आली. अप्पा गॅलरीत बसले होते. अप्पा म्हणजे वाहन परवान्याचे निवृत्त परीक्षक. उमेदवाराचा पाय जरा अडखळला की त्यांचा निकाल ठरलेला असे: "नापास. सराव करा, पुन्हा या." मंत्र्याचा भाचा असो की सख्खा पुतण्या, वाक्य तेच.

आत्ता त्यांच्या उजव्या हातात वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी होती. अलीकडे त्या हातात सारखं काही ना काही असायचंच. एवढी नावाजलेली डॉक्टर, आणि घरातलं दिसलं नाही तिला.

"अप्पा, दुधाला इतका वेळ का लागतो हो तुम्हाला?"

अप्पा ओशाळून हसले. "पकडलंस. आधी मैदानावर जातो. आठच्या आकड्यात गाडी फिरवतो, मग उलटी घेतो. पायाला जरा कंप वाटतो गं हल्ली. म्हटलं, दुसऱ्यांना नापास करण्यात जन्म गेला, आता स्वतःला सूट नको. ज्या दिवशी चुकेन त्या दिवशी लायसन परत. पण रोज पास होतोय! अशी अलगद फिरते ना गाडी, काय सांगू."

शर्मिष्ठा त्यांच्याजवळ बसली. मग तिनं पायओळख समजावून सांगितली, हेमांगीनं सांगितली तशीच, काही न लपवता.

"म्हणजे मी रोज चुकत होतो आणि गाडी सावरून घेत होती," शेवटी अप्पा म्हणाले. "शिकाऊ पोराच्या वतीनं शिकवणाऱ्यानंच ब्रेक दाबायचा, तसं. अशा पोराला मी पास केलं असतं का?"

"नाही, अप्पा."

अप्पा उठले. खुंटीवरची किल्ली काढून त्यांनी लेकीच्या हातात ठेवली. "नापास," ते म्हणाले. पुढचं नेहमीचं वाक्य आलंच नाही.

शर्मिष्ठेनं किल्ली मुठीत घेतली. "यावर औषधं आहेत, अप्पा. उद्या दुपारी आपण डॉक्टरांकडे जातोय. आणि मला सांगा, परीक्षक गाडीत कुठे बसतो?"

"शेजारी. आणखी कुठे?"

"मग उद्या सकाळी दुधाला तिथे बसून चला."

अप्पांनी वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. "आरसा बघत नाहीस तू," ते म्हणाले. "आणि वळणावर डावीकडे फार कापतेस. बघतोच उद्या." त्यांचा उजवा हात मांडीवर थरथरत होता. आज त्यांनी तो झाकला नाही.